इंदुबाईंची अट

इंदुबाई डाव्या कुशीवर वळायच्या ऐवजी टेबलावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "इथं दारूचा वास येतो."

हाताला सलाईन लागलेलं. बोटाला पल्सचा चिमटा. दातांत धरायचा प्लॅस्टिकचा माउथपीस आमचा टेक्निशियन सचिन हातात घेऊन उभा. ॲनेस्थेटिस्ट डॉ. शेनॉय झोपेचं औषध द्यायच्या तयारीत. या टप्प्याला पेशंट सहसा काही बोलत नाहीत. फार तर "दुखेल का हो?" एवढं विचारतात आणि डोळे मिटतात.

सचिनने हसून सांगितलं की मावशी, ते स्पिरिट आहे, दवाखान्यात असतंच. इंदुबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. स्पिरिटचा वास त्यांना ठाऊक होता, इतके दिवस सुया टोचून घेत होत्या. हा तो नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी माझ्या ट्रॉलीकडे बोट केलं.

"त्या पिचकारीत काय हाय?"

त्या सिरिंजमध्ये ॲब्सोल्यूट अल्कोहोल होतं. म्हणजे जवळजवळ शुद्ध. बाटलीतल्या दारूत जे असतं तेच, फक्त पाणी काढून टाकलेलं. सचिनने ते आधीच भरून ठेवलं होतं आणि भरताना थोडं ट्रॉलीवरच्या कापडावर सांडलं होतं.

"औषध आहे" म्हणून मला वेळ मारून नेता आली असती. खोटंही ठरलं नसतं. पण बाई सरळ डोळ्यांत बघून विचारत होती, आणि माझा स्वभाव असा की कुणी सरळ विचारलं तर मला वाकडं उत्तर सुचत नाही. मी म्हटलं, "अल्कोहोल आहे. आम्ही औषध म्हणून वापरतो."

"म्हंजे दारूच."

"हो."

"मग नको. उतरवा मला."

आणि त्या खरंच उतरायला लागल्या. शेनॉयनी त्यांना धरलं, सचिनने सलाईनची नळी सांभाळली. सकाळची माझी लिस्ट अशी कोलमडली.

मी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. वसईत वीसेक वर्षं पोटांचे आजार बघतेय. त्यातलं माझं खास काम म्हणजे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड. नाव मोठं आहे, कल्पना साधी. स्वादुपिंड, ज्याला सगळे पॅनक्रियाज म्हणतात, ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून लपून बसलेलं असतं. पोटावरून सोनोग्राफी केली तर मध्ये गॅस येतो, नीट दिसत नाही. म्हणून आम्ही सोनोग्राफीचं यंत्रच आत नेतो. तोंडावाटे एक दुर्बीण जठरात जाते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं सोनोग्राफीचं यंत्र असतं. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते भिंतीला कान लावून ऐकावं, तसं जठराच्या मागच्या भिंतीला ते टेकवायचं. त्याच दुर्बिणीतून सुई जाते. तिने गाठीचा तुकडा काढता येतो, आणि औषधही सोडता येतं.

इंदुबाईंच्या गाठीचा तुकडा मीच काढला होता. पॅनक्रियाजचा कॅन्सर निघाला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेली, त्यामुळे ऑपरेशन शक्य नव्हतं. मुंबईत केमो सुरू होती. आमच्याकडे त्या आल्या दुखण्यासाठी. हे दुखणं फार वाईट. पोटातून निघतं आणि पाठीत घुसतं. उताणं झोपता येत नाही. इंदुबाई कित्येक रात्री पाटावर उशी ठेवून, तिच्यावर ओणवं होऊन बसल्या बसल्या डुलक्या काढत होत्या.

पोटातल्या दुखण्याच्या नसा वर जाताना एका ठिकाणी गोळा होतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या फ्लॅटच्या वायरी तळमजल्यावरच्या एका पेटीत येतात, तसं. त्या पेटीपाशी सुईने अल्कोहोल सोडलं की नसा मरतात आणि दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही. गाठ तिथेच राहते. कॅन्सर बरा होत नाही. पण माणूस झोपतो. ज्याने अशी दुखणी पाहिलीत त्याला झोप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

हे सगळं मी आधी ओपीडीत नीट समजावलं होतं. अल्कोहोलसकट. फक्त समजावलं होतं त्यांच्या मुलाला, दिनेशला.

आपल्याकडची पद्धतच तशी आहे. पेशंट आत आला की मुलगा म्हणतो, "आई, तू जरा बाहेर बस, मी मॅडमशी बोलतो." आई मुकाट्याने बाहेर जाऊन बसते. आजार तिचा, पोट तिचं, सुई तिच्या पोटात जाणार, आणि चर्चा तिच्या गैरहजेरीत. दिनेश वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर, शांत मुलगा, आईसाठी रजा काढून धावपळ करणारा. अल्कोहोल म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला होता, ते मला दिसलं होतं. मला वाटलं, घाबरला असेल. मग मी इंदुबाईंना आत बोलावून विचारलं की सुई देऊन दुखणं कमी करू, चालेल ना? त्या म्हणाल्या, "चालंल." दिनेशने बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. कागद चोख होता.

आता इंदुबाई शेजारच्या रिकव्हरी रूममध्ये कॉटवर पोट धरून बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. मी शेनॉयना म्हटलं, पुढचा पेशंट घेऊ. ते म्हणाले, "मॅडम, काट्यानेच काटा काढायचाय, एवढं समजावा ना त्यांना." मी म्हटलं, समजावते, पण टेबलावर झोपवून नाही.

पुढची केस आटोपून बाहेर आले तर दिनेश दारातच उभा. माझ्यावरच चिडला.

"मॅडम, औषध म्हणायचं होतं ना. तिला काय कळणार होतं?"

"तिला वासावरून कळलं. तुम्हाला माहीत होतं ना, ती नाही म्हणणार?"

 तो हळूहळू एकेक सांगायला लागला. चांदीप गावात त्यांची थोडी भातशेती. वडील कष्टाळू, पण दारूच्या पुरते आहारी गेलेले. गावाच्या कडेला हातभट्टी चालायची. वडील तरुणपणीच गेले, रक्ताच्या उलट्या होऊन. लिव्हर कामातून गेलं की काय होतं ते माझ्या रोजच्या कामातलं आहे, त्याने पुढचं सांगायची गरज नव्हती. दिवसकार्य झाल्यावर इंदुबाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि भट्टीवर गेल्या. मडकी फोडली, कॅन उपडे केले. भट्टी पुन्हा लागली, या पुन्हा गेल्या. असं किती वेळा, ते दिनेशलाही आठवत नव्हतं. शेवटी भट्टीवाला कंटाळून गाव सोडून गेला.

आमच्या वसईच्या पूर्व पट्टीत हळदीच्या रात्री दारू नसेल तर ती हळद कसली, असं समजणारे पुष्कळ. दिनेशच्या हळदीला बाटली आली नाही. पाहुणे जेवून लगेच उठले, भावकीने वर्षभर टोमणे मारले. इंदुबाई बधल्या नाहीत. त्यांच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येणार नाही, हा त्यांचा शब्द होता. आणि मी तो थेंब त्यांच्या पोटात सोडायला निघाले होते.

"ती एकदा नाही म्हणाली की नाही, मॅडम," दिनेश म्हणाला. "मरेल, पण ऐकायची नाही."

मी म्हटलं, चला आत. आणि या वेळी तुम्ही ऐकायचं, मी त्यांच्याशी बोलणार.

स्टूल ओढून मी इंदुबाईंसमोर बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून आधी डॉक्टरी प्रश्न विचारला. दुखण्याच्या गोळ्या किती घेता? मॉर्फिनच्या गोळ्या त्यांना चालू होत्या, डोसही चांगला होता. तेवढ्यावर एवढं दुखायला नको होतं.

त्यांनी एकदा दिनेशकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घेत नाय."

दिनेश दचकला. तो रोज स्वतःच्या हाताने गोळी देत होता. इंदुबाईंनी सांगितलं की गोळी गालात धरायची आणि पोरगा कामावर गेला की थुंकून टाकायची.

"का पण?" मी जरा रागानेच विचारलं. आम्ही डोस वाढवत बसलो होतो आणि बाई गोळ्या थुंकत होती.

"बाय, ती गोळी घेतली का माझे पाय लटपटतात. जीभ जड होते. मी भिंत धरून चालते आनि सून माझ्याकडं बघते. तशीच मी बघायची. त्याच्याकडं." त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "दुखून मेले तरी चालंल. पन तशी नाय मरनार."

मला राग आला होता तो कुठल्या कुठे गेला.  मॉर्फिनची गुंगी काही दिवसांनी कमी होते, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. पण गुंगी म्हणजे कुणाला काय आठवेल, ते कोण विचारतं?

मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे दिनेशला सांगितलं होतं तेच. तीन वाटा आहेत. एक, गोळ्या खरोखर घ्यायच्या, आणि पुढे वाढवायच्या. दुसरी, सुई तीच, पण अल्कोहोलशिवाय, नुसतं बधिर करायचं औषध आणि स्टेरॉइड. तुमच्या आजारात त्याचा गुण कमी येतो, आणि आला तरी फार टिकत नाही. तिसरी, ती पिचकारी. तिनेही दुखणं पूर्ण जाईल असं नाही. कमी होईल, बहुतेकांचं होतं. एखाद्याला काहीच फरक पडत नाही. पहिल्या दिवशी दुखणं वाढू शकतं, जुलाब होतात, उठल्यावर चक्कर येते. क्वचित कुणाच्या पायातली ताकद जाते. पण गुण आला तर गोळ्या अगदी कमी लागतील.

हे शेवटचं वाक्य त्यांनी पकडलं. "म्हंजे गुंगी नाय?"

"पेलाल एवढीच गोळी, नाहीतर तीही नाही."

"आनि ती? ती चढंल मला?"

 नाही म्हणणं सोपं होतं. दिनेशच्या डोळ्यांत तीच विनवणी दिसत होती. मी म्हटलं, "थोडी रक्तात जाते. तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल. जाग येईल तेव्हा गुंगी असेल, ती मुख्यतः झोपेच्या औषधाची. संध्याकाळपर्यंत दोन्ही उतरेल. नंतर पुन्हा कधी नाही."

त्यांनी मान हलवली. उत्तर आवडलं नसावं, पण पटलं असावं. मग विचारलं, "ती आत जाऊन करते काय?"

"नसा मारते. ज्या नसांतून दुखणं कळतं, त्या."

"जाळते?"

"जवळजवळ तसंच."

 कॉरिडॉरमधून कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. दिनेश उगाचच सलाईनची बाटली बघत होता. मी पुढचे पेशंट मनातल्या मनात मोजायला लागले होते आणि मोजणं थांबवलं.

"माझं घर जाळलं तिनं," इंदुबाई म्हणाल्या. "एकदा तरी माझ्या कामाला येऊ दे."

 अशा वेळी डॉक्टरने बोलू नये, त्याने फक्त पेशंटचा विचार बदलतो.

पण बाईंचं संपलं नव्हतं. अट होती. लागेल तेवढीच घालायची, थेंब जास्त नाही. आणि उरेल ती त्यांच्यासमोर मोरीत ओतायची. त्यांना जाग आल्यावर. आधी नाही. मी म्हटलं, कबूल. औषधाची काचेची कुपी, ॲम्प्यूल, एकदा फोडली की आम्ही ठेवत नाहीच. त्या म्हणाल्या, "ठेवत नाय ते तुमचं. मला बघायचं हाय."

आणि उठता उठता मुलाला म्हणाल्या, "दिन्या, गाठ कॅन्सरची हाय ते मला कळलंय. मुंबईला कॅन्सरच्या त्या बोर्डाखालून दर वेळी आत नेतोस, मी काय आंधली हाय?" ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. दिनेशने आईचा हात धरला आणि मान वर केली नाही.

त्या पुन्हा टेबलावर आल्या. नवीन सही घेतली, या वेळी बोट कुणी दाखवलं नाही. शेनॉयनी औषध दिलं, श्वास संथ झाला, मी दुर्बीण आत सोडली.

पडद्यावर आधी मुख्य रक्तवाहिनी शोधायची. काळ्या रुंद पट्ट्यासारखी ती दिसते. तिच्यावरून हळूहळू खाली येत तिची पोटातली पहिली फांदी गाठायची. त्या फांदीच्या बुडाशी आपली वायरींची पेटी. इंदुबाईंच्या गाठीने तिथली बरीच जागा खाल्ली होती. सरळ वाट मिळेना. मी दुर्बीण थोडी फिरवली, मागे घेतली, पुन्हा टेकवली. शेवटी एका बाजूने चिंचोळी जागा सापडली. मध्ये रक्तवाहिनी नाही ना, ते रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या डॉप्लरवर पाहिलं आणि सुई पुढे केली. पडद्यावर ती चमकती रेघ होऊन दिसते. आधी बधिर करायचं औषध. मग सचिनने ती सिरिंज लावली.

अल्कोहोल आत जाताना पडद्यावर पांढरा ढग पसरतो. तो ढग हवा तिथेच पसरला. एरवी अशा वेळी मी भरलेलं सगळं घालून मोकळी होते, एखादी नस राहायला नको म्हणून. त्या दिवशी जागा भरली तशी थांबले. शेनॉय म्हणाले, ब्लडप्रेशर उतरतंय. हे होतं, अपेक्षित असतं. सलाईन जोरात सोडलं. आकडे सावकाश वर आले. मी दुर्बीण बाहेर काढली. सिरिंजमध्ये थोडं उरलं होतं. सचिनने टोपण लावून ती ट्रेमध्ये जपून ठेवली, दागिना ठेवावा तशी.

जाग आल्यावर माणसं पाणी मागतात, किंवा "झालं का?" विचारतात. इंदुबाईंनी अर्धवट डोळे उघडले आणि जड जिभेने विचारलं, "ओतली का?"

आम्ही कॉटचं डोकं जरा वर केलं. रिकव्हरीच्या कोपऱ्यात बेसिन आहे, कॉटवरून दिसतं. मी सिरिंज घेऊन तिकडे निघाले.

"तू नको, बाय. दिन्या ओतंल."

मला वाटलं गुंगीत बोलताहेत. पण त्या मुलाकडे बघत होत्या.

"हाच आनायचा भट्टीवरून. एवढासा होता. बाप धाडायचा याला. आता हाच ओतंल."

हे दिनेशने मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं नव्हतं. त्याने सिरिंज घेतली.  दांडा दाबताना थोडं बाहेर उडालं, मग उरलेलं बेसिनमध्ये गेलं. ॲम्प्यूलमधले थेंबही त्याने उपडे केले. कारखान्यात माणसं हाताखाली असलेला तो बाप्या रडत होता आणि ते लपवतही नव्हता. शेनॉय खिडकीकडे बघत उभे राहिले.

"वरून पानी सोड," इंदुबाई म्हणाल्या. त्याने नळ सोडला. मग त्यांनी डोळे मिटले.

पहिला दिवस मी सांगितलं होतं तसाच गेला, वाईट. जुलाब झाले, पोटही जास्त दुखलं. पण पुढे एका सकाळी दिनेशचा फोन आला. त्याची बायको पहाटे उठली तर सासूबाई चटईवर उताण्या, हातपाय पसरून. इतक्या दिवसांत तिने त्यांना तसं पाहिलंच नव्हतं. बिचारी घाबरली, नाकाशी बोट धरून बघायला गेली. इंदुबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "जिवंत हाय. झोपू दे."

तपासायला आल्या तेव्हा पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आल्या. किती दुखतं विचारलं तर म्हणाल्या, "रुपयातलं चार आने उरलंय. तेवढं चालतं." रात्रीला एक हलकी गोळी लागायची, ती खरोखर घेतात असं सून शपथेवर सांगत होती. भिंत न धरता चालत बाहेर गेल्या, हे मी पाहिलं.

कॅन्सरने त्याचं काम केलंच. मी काही चमत्कार केला नव्हता. भाताची कापणी होऊन गेल्यावर दिनेश एकटा आला. आई गेली म्हणाला. शेवटच्या आठवड्यात परत दुखायला लागलं होतं, पण थोडं. आदल्या संध्याकाळी मळणीवरून त्याला रागावली, नातीची वेणी घालून दिली.

"शुद्धीत गेली, मॅडम," तो म्हणाला. "शेवटपर्यंत शुद्धीत होती." एवढंच सांगायला तो चांदीपहून आला होता.

या धंद्यात आम्हाला सुई कुठे टोचायची ते शिकवतात. कुणाला विचारून टोचायची, ते पेशंटच शिकवतात. हल्ली ओपीडीत कुणी म्हणालं, "आईला जरा बाहेर बसवू का?", तर मी म्हणते, बसायचंच असेल तर तुम्ही बसा. काही जण रागावतात. एकदोघं दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. जाऊ देत.

सचिन मात्र पेशंट झोपल्याशिवाय आता ॲम्प्यूल फोडत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, आपण आता सगळ्यांना आधी सांगतो, लपवायचं काही उरलं नाही. तो म्हणतो, असू दे मॅडम. उरलेलं बेसिनमध्ये ओततो आणि न चुकता वरून पाणी सोडतो.